शेवटच्या पानावरचा रकाना

"लिफ्टवाले ना तुम्ही?" तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मी त्याला गाठलं. "तीन आठवडे फोन करतोय आम्ही. वर बहात्तर वर्षांची बाई राहते. तिनं काय उडत खाली यायचं?"

तो भिंतीला टेकून दम खात होता. काखेत फाईल, हातात ओली छत्री, आणि छत्रीचं पाणी त्याच्याच बुटावर ठिबकत होतं. मी आणखी चार गोष्टी ऐकवल्या. त्यानं त्या शांतपणे ऐकून घेतल्या, मधे एकदा मानही डोलावली.

"मी लिफ्टवाला नाही," माझा श्वास संपल्यावर तो म्हणाला. "वृद्ध सहाय्य कार्यालयातून आलोय. तपासनीस. पण लिफ्टबद्दल तुम्ही म्हणता ते... पटलं."

झालं. ज्याची मी दोन महिने चातकासारखी वाट बघत होते, त्यालाच जिन्यात झापून मोकळी.

आता घरचं सांगते. मी आणि आत्या, एवढंच आमचं घर. आई-बाबांच्या मागे आत्यानंच मला वाढवलं. शाळेत व्यायाम शिकवायची ती, अख्खं गाव तिला अजून 'बाई' म्हणतं. गेल्या वर्षापासून तिचा तोल जातो. दोनदा न्हाणीघरात पडली, एकदा स्वयंपाकघरात, आणि तिन्ही वेळा म्हणाली, "पडले नाही, बसले." मी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला आहे. सकाळी खालच्या काकू वर डोकावतात, पण दुपारी त्या नातवंडांना आणायला जातात, म्हणून मी अर्धाच दिवस काम करते. मालकांनी सांगून टाकलं होतं, दोन महिन्यांनंतर, एक तारखेपासून पूर्ण दिवस, नाहीतर राम राम. सरकारची एक योजना आहे, घरपोच सोबतीची. रोज दुपारी चार तास मदतनीस येते. अट एकच, तपासणीत वीसपैकी बारा गुण पडले पाहिजेत. जितकं कमी जमतं तितके गुण जास्त. म्हणजे परीक्षेत नापास झालं तरच पास.

आणि माझ्या आत्याला आयुष्यात नापास होणं माहीत नव्हतं.

आम्ही दार उघडलं तर ती इस्त्रीचे कपडे आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घालून उभी. पडल्यानं हातावर उठलेला निळा डाग लांब बाहीखाली गडप.

"खुर्चीतून उठायचं, दारापर्यंत जायचं आणि परत येऊन बसायचं," त्यानं घड्याळ काढलं. "सावकाश, बाई. काही घाई नाही."

"तयार," आत्या म्हणाली, आणि अकरा सेकंदांत जाऊन आली. एरवी तेवढंच अंतर कापायला तिला पाऊण मिनिट लागतं. मी कपाळावर हात मारला. अंघोळ? एकटी करते. जिना? रोज दोनदा. रात्री उठावं लागतं? छे.

गुण पडले तीन.

तो गेल्यावर आत्या जी आडवी झाली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. मी गरम पाण्याच्या पिशव्या बदलत राहिले आणि बडबडत राहिले. "कुणासाठी केलंस हे? माझी नोकरी जाईल, कळतंय का तुला?" ती डोळे मिटून म्हणाली, "मुलगा बरा आहे गं. ऐकून घेतो."

मी अपील केलं. अपिलावर कोण यावं? तोच. आमच्या भागाला तपासनीसच एक.

त्याआधी आठ दिवस मी आत्याला पढवत होते. "खोटं नको बोलूस. फक्त जसं आहे तसं दाखव." तिनं शपथेवर कबूल केलं. पालथ्या घड्यावर पाणी. तो येऊन बसतो न बसतो तोच ही चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून निघाली. कप खडाखड वाजत होते. तो पटकन उठला आणि अर्ध्या वाटेत ट्रे हातात घेत म्हणाला, "बाई, मला द्या. कार्यालयात मला कुणी चहाच्या ट्रेला हात लावू देत नाही, तेवढीच सवय राहील."

आत्या चक्क हसली. गुण पडले चार.

मी त्याला सोडायला खाली गेले, म्हणजे भांडायला गेले.

"तुम्हाला दिसत नाही का?" मी विचारलं.

"दिसतं." तो पायरीवर थांबला. "तुमच्या पॅसेजच्या भिंतीवर कमरेच्या उंचीवर हातांचे डाग आहेत. न्हाणीघरापर्यंत ओळीनं. त्या भिंत धरून चालतात."

रोज तिथून जाते मी. कधी पुसलेही आहेत ते डाग. पण ते कशाचे, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग लिहा ना तसं."

"फॉर्ममध्ये भिंतीला रकाना नाही."

"फॉर्म कुणी केलाय हा?"

"ज्याच्या घरी म्हातारं माणूस नसेल, अशा कुणीतरी," तो म्हणाला, आणि मला नको असताना हसू आलं. त्यानं माझ्या बोटांकडे पाहिलं. "हा गुलाबी रंग कसला?"

"हिरड्यांचा. कवळीच्या."

"छान आहे."

"काय छान आहे? हिरड्या?"

"नाही, म्हणजे... रंग." त्यानं छत्री उघडली. जिन्यातच. दुसऱ्या मजल्यावर. मग ती मिटता मिटेना. शेवटी मीच खटका दाबून मिटवून दिली, तेव्हा त्याचे कान चांगलेच लाल झालेले मी पाहिले.

दुसरं अपील शेवटचं होतं. मधल्या काळात 'एक कागद राहिला' म्हणून तो दोनदा येऊन गेला. एकदा आमच्याच पत्त्याची खात्री करायला. चौथ्या मजल्यावर चढून, आमच्या दारात उभं राहून विचारतो, "पत्ता हाच ना?" मी म्हटलं, "बदलला की कळवते." आणि तो गेल्यावर खिडकीतून बघत बसले, चौकापर्यंत. माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं तर.

तिसऱ्या तपासणीला आत्या नऊ सेकंदांवर आली. पण या वेळी तो घड्याळाकडे बघतच नव्हता. तो बराच वेळ लिहीत होता. शेवटच्या अपिलाचा फॉर्म एका पानानं मोठा असतो. शेवटच्या पानावर त्याचं पेन थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, परत कागदाकडे. मग फॉर्म तसाच मिटून फाईलमध्ये घातला आणि चहा न घेता निघून गेला.

आठ दिवसांनी पत्र आलं. 'प्रकरण दुसऱ्या भागाच्या तपासनीसाकडे वर्ग. प्रतीक्षा यादीत क्रमांक एकशे बारा.' एक तारखेला सहा दिवस राहिले होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रयोगशाळेचा ॲप्रन अंगावर तसाच, मी कार्यालयात जाऊन टोकन घेतलं आणि दीड तास बाकावर बसले. तो खिडकीपलीकडे दिसत होता आणि मला बघून फायलींच्या मागे सरकत होता. शेवटी बाहेर आला.

"एकशे बारा?" मी पत्र त्याच्या पुढ्यात धरलं. "काय बिघडवलं होतं मी तुमचं?"

"काही नाही. म्हणजे..." त्यानं आजूबाजूला पाहिलं. बाकावरचे सगळे आजी-आजोबा आमच्याकडे तोंड करून बसले होते. "शेवटच्या पानावर एक रकाना असतो. 'तपासनीसाचे या कुटुंबाशी नाते अथवा हितसंबंध आहे काय.' आजवर चारशे फॉर्मवर मी 'नाही' लिहिलंय. डोळे मिटून."

"मग?"

"तुमच्या फॉर्मवर... नाही लिहिता आलं."

मी त्याच्यापुढे धरलेलं पत्र खाली घेतलं.

"मी बारा गुण देणार होतो," तो घाईघाईनं म्हणाला. "भिंत, ट्रे, सगळं शेऱ्यात लिहिलं होतं. पण मग मलाच कळेना, की हे गुण भिंत बघून देतोय की तुम्हाला बघून. उद्या कुणी बोट दाखवलं असतं तर बाईंची मदत कायमची बंद झाली असती."

"म्हणजे तुम्ही माझ्या प्रेमात पडलात," माझा आवाज चढला, "आणि माझी फाईल तळाला गेली."

"थोडक्यात... हो."

"लोक फुलं देतात हो."

बाकावरून कुणीतरी खोकलं. एक आजोबा म्हणाले, "पोरी, हळू बोल. नाहीतर मोठ्यानं तरी बोल, या कानानं ऐकू येत नाही."

मी जायला वळले. खरं तर मला रडू येत होतं, रागाचं की कसलं ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. तो मागून आला. "माझ्या सतरा रजा शिल्लक आहेत. अर्ध्या-अर्ध्या घेतल्या तर चौतीस दुपारी होतात. तोवर तुमचा नंबर लागेल. आता मी तपासनीस नाही तुमचा, नुसता येऊन बसू शकतो."

"आत्या बसू देईल तुम्हाला? 'मला राखायला माणूस कशाला' म्हणून हाकलेल."

"मग मला राखायला सांगा त्यांना," तो म्हणाला. "माझी पाठ खरंच दुखते."

आणि तसंच झालं. आत्यानं त्याला पोटाशी धरलं म्हणा की पंखाखाली घेतलं. रोज दुपारी एक वाजता तो यायचा आणि ती खुर्चीत बसून, शिट्टी हातात घेऊन त्याच्याकडून कवायत करून घ्यायची. मी सहाला घरी पोचावं तर हा घामाघूम, आणि ही म्हणणार, "कमरेत वाकत नाही अजून. पण लागेल वळण." त्याला जिन्यात सोडायला मला रोज उशीर होऊ लागला. चार मजले उतरायला पाऊण तास. आत्या विचारायची, "लिफ्ट सुरू नाही ना झाली?" आणि मी नाही म्हटलं की समाधानानं मान हलवायची.

विसाव्या दुपारी मी घरी आले तेव्हा ती अंथरुणात होती. तो नव्हता.

"आज पडले मी," ती म्हणाली. बसले नाही, पडले. हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. "न्हाणीघरात. उठता येईना. शिट्टी वाजवली. तो आला, उचललं त्यानं, कोरडं केलं, इथं आणून निजवलं. तू यायच्या आत मीच घालवला त्याला." ती भिंतीकडे तोंड करून बोलत होती. "आता नाही यायचा तो. किती धडपड केली मी. वाटलं होतं, त्याला दिसू नये की तुझ्या गळ्यात ही म्हातारी बांधली आहे. असं ओझं बघून कोण थांबतं?"

म्हणजे एवढ्यासाठी ते नऊ सेकंद. मी तीन महिने तिला हट्टी म्हणत होते, मनातल्या मनात आणखीही बरंच काही म्हणत होते. मी तिच्या शेजारी आडवी झाले आणि लहानपणी झोपायचे तशी तिच्या पाठीला चिकटून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारचा एक वाजला. मी कामावर होते, पुढचं नातवंडांना आणायला जाण्याआधी वर डोकावलेल्या काकूंनी सांगितलं. बेल वाजली. तो दारात उभा होता, आणि हातात न्हाणीघराच्या भिंतीला लावायचा लोखंडी दांडा आणि ड्रिल. "बाई, आज कवायत नको," म्हणाला, "आज मला सुतारकाम शिकवा." आत्यानं दांडा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला म्हणे. मग म्हणाली, "आधी माप घे."

पंचविसाव्या दुपारी नवीन तपासनीस आल्या. चष्मा, जाडजूड पिशवी, चेहऱ्यावरची माशी हलेना. मी मुद्दाम सुट्टी घेतली होती. आत्यानं कॅनव्हासचे बूट घातले नाहीत. घरातल्या चपलांत, भिंत धरून, ती दारापर्यंत गेली आणि परत आली. सत्तेचाळीस सेकंद. प्रत्येक सेकंद तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. अंघोळ? "एकटीला भीती वाटते." जिना? "पाच महिने उतरले नाही." मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं.

"चौदा," तपासनीस बाई म्हणाल्या. मग शेवटचं पान माझ्यापुढे सरकवलं. "हा रकाना कुटुंबानं भरायचा. कार्यालयातल्या कर्मचाऱ्याशी नाते आहे काय."

मी पेन घेतलं. विचार केला. लिहिलं, 'होणार आहे.'

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "असं चालत नाही. हो किंवा नाही."

"हो लिहिलं तर?"

"वरच्या साहेबांची सही लागते. आठ दिवस जास्त."

काय बाई हे कार्यालय. मी आत्याकडे पाहिलं.

"त्याच्या दुपारी किती उरल्यात?" आत्यानं विचारलं.

"नऊ."

"मग लिही की. विचार कसला करतेस?"

मी 'होणार आहे' खोडलं, 'हो' लिहिलं आणि खाली सही केली. अक्षर बरं आलं. तपासनीस बाईंनी कागद वाळेपर्यंत धरून ठेवला आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "तो छत्री आमच्याकडे विसरलाय. तीन वेळा. घेऊन जायला सांगा."

त्या जिना उतरत होत्या तेव्हाच खालून कुणीतरी चढत असल्याचा आवाज आला. एक वाजला होता. मी आरशात बघून केस सारखे केले, उगाच.

बेल वाजली. गेले तीन महिने बेल वाजली की आत्या टुणकन उठायची, कितीही दुखलं तरी, दार उघडायला पहिली. आज तिनं खुर्चीत पाय आणखी लांब केले आणि डोकं मागे टेकलं.

"तूच उघड," ती म्हणाली. "मला उठायला वेळ लागतो. त्याला माहीत आहे ते."