वर्षभर न वाढलेले खेळाडू

“हलू नकोस ताई! टाचा टेकव!”

“टेकवल्यात गं! आटप, मैदानावर जायचंय!”

मोजपट्टीने दाराच्या चौकटीवर रेघ मारली. दिसेल ते मोजायचं हा ताईच्या धाकट्या बहिणीचा सुट्टीतला उद्योग, म्हणून घरीदारी तिला हेच नाव पडलं होतं. गेल्या वर्षीच्या रेघेपासून आजची रेघ तब्बल आठ सेंटिमीटर वर! एकशे शेहेचाळीसची ताई एकशे चोपन्न झाली होती.

“वेलासारखी वाढलीस की!”

ताई मात्र हसली नाही. तिने उजवा पाय अलगद उचलला.

“टाच परत दुखतेय ना?”

“हळू बोल! शुक्रवारी लांब उडीची निवड आहे. शिबिराच्या सरांना कळलं तर बाहेर बसवतील.”

“देवालासुद्धा हाक मारावी लागते ताई! सर काय अंतर्ज्ञानी आहेत?”

मैदानावरच्या क्रीडा शिबिराच्या खोलीत खेळाडूंच्या तपासणीची कार्डं पडली होती. मोजपट्टीने ताईचं कार्ड पाहिलं आणि ती चपापलीच. गेल्या वर्षीची उंची एकशे शेहेचाळीस. यंदाचीही एकशे शेहेचाळीस!

“पेंगू, इकडे ये!”

पेंगू म्हणजे उभ्या उभ्या झोपू शकणारा तिचा दोस्त. स्वतःचं कार्ड पाहून तो खडबडून जागा झाला.

“मी वाढलोच नाही? मग माझी पँट घोट्याच्या वर काय जादूने गेली?”

चाळीसपैकी निम्मी कार्डं भरून झाली होती, आणि वर्षभरात कुणीच तसूभरही वाढलेलं नाही! कोडं सुटायला वेळ लागला नाही. दुपारी दोघांनी खिडकीतून पाहिलं. सर मनाने लोणी, पण कागद म्हटला की जांभया! जुन्या रकान्यातलं नव्या रकान्यात उतरवायचं, खाली ‘तंदुरुस्त’ लिहायचं आणि सही ठोकायची.

“सर, ही उंची चुकलीय,” मोजपट्टीने सांगून पाहिलं.

“चुकेल कशी? मोजलीय ती! पळा, दोन फेऱ्या मारा!”

झालं! आता काय करायचं? त्यांनी ताईला सामानाच्या खोलीत नेलं.

“भिंतीला हात लाव, एका पायावर उभी राहा आणि टाच वरखाली कर.”

डाव्या पायावर वीस वेळा झालं. उजव्यावर चौथ्यालाच ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

“शुक्रवारी अशी उडी मारणार?” पेंगूने विचारलं.

तेवढ्यात मैदानावरचा बोका वाघोबा दारातून डोकावला आणि मोजपट्टीचे डोळे चमकले!

तिने एक कोरं कार्ड घेतलं. नाव वाघोबा. गेल्या वर्षीची उंची पंचवीस, वजन चार किलो, पाय चार, एका पायावर तोल तीस सेकंद. आणि ते गुपचूप सरांच्या गठ्ठ्यात सरकवलं.

गुरुवारी तिने आत्याला सराव बघायला बोलावलं. आत्या इस्पितळात खेळाडूंचे स्नायू, सांधे तपासायची. तिच्यादेखत मोजपट्टीने गठ्ठ्यातलं एक कार्ड पुढे करून सरांना विचारलं, “सर, या खेळाडूला उद्या उतरवायचं ना?”

सरांनी कार्ड वाचलं. यंदाची उंची पंचवीस. वजन चार किलो. पाय चार. एका पायावर तोल, तीस सेकंद. तंदुरुस्त! खाली त्यांचीच ऐटदार सही.

“हा... हा कोण?”

“म्याँव!” पेंगूच्या काखेतून उत्तर आलं.

मैदान हसून लोटपोट झालं. सरांचे कान लाल झाले. मोजपट्टी मात्र हसत नव्हती. “सर, बोक्याला काही होणार नाही. पण माझ्या ताईची टाच दुखतेय.”

आत्याने टाच दोन्ही बाजूंनी दाबली. “आई गं!” ताई कळवळली.

“हाड भराभर वाढलं, पोटरीचा स्नायू मागे राहिला. त्याची ओढ टाचेला बसते,” आत्या म्हणाली. “काही आठवडे उड्या बंद, पोटरीचे हलके व्यायाम चालू. दडवून उड्या मारल्या असत्यास, तर दुखणं वाढून अख्खा मोसम हुकला असता!”

“आणि माझी निवड?” ताईने विचारलं.

सर खाली वाकले. “चूक माझी, शिक्षा तुला कशाला? आत्याबाई हो म्हणतील त्या दिवशी तुझी उडी बघेन. आणि पोरी,” त्यांनी मोजपट्टीच्या पाठीवर थाप दिली, “एवढी वर्षं खेळाडू घडवले, पण आज तू सरांना घडवलंस!”

शुक्रवारची निवड पुढे ढकलली गेली. सकाळी सर स्वतः टेप घेऊन भिंतीपाशी उभे राहिले. आत्या एकेकाचा तोल आणि टाचा तपासत होती. मोजपट्टी आकडे लिहीत होती.

“एकशे चोपन्न!” सर ओरडले.

वर्षभर न वाढलेली ताई एका सकाळीत आठ सेंटिमीटर वाढली!