रस्ता वाकला ती जागा

बसा नीट. कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक मोजणीदार बसायचा, त्याच्यावर बेतलेलं सांगतो. माणूस हुशार, पण नाक कायम वर. माघारी आम्ही त्याला फूटपट्टी म्हणायचो.

शहरातला बाजाररस्ता पुलापासून नाकासमोर येतो आणि मध्येच फरशी घातलेल्या एका मोकळ्या जागेला वळसा घालतो. पूर्वी तिथे एका कुलूपवालीचं दुकान होतं. रस्ता आखला तेव्हा नोटिसा गेल्या, माणसं गेली. बाई हलली नाही. शेवटी रस्ताच हलला. पुढे ती वारली, दुकान पडलं, पण तोवर पलीकडची अठरा दुकानं त्या वळणाला धरून, सरळ रेषेच्या आड उभी राहिली होती.

फूटपट्टीला रस्ता सरळ करायचा होता. म्हणजे अठराही दुकानं पाडायची.

"साहेब, तीन पिढ्यांचं दुकान आहे," पहिल्या दुकानातला म्हातारा चपलावाला म्हणाला.

"तीन पिढ्या चुकीच्या जागी बसलात," फूटपट्टी म्हणाला. "एका कुलूपवालीपुढे अख्खा रस्ता वाकवला. आखणारे गाढव आणि तुम्ही त्यांच्याहून."

नोव्हेंबरातला मंगळवार. नकाशा सकाळी द्यायचा होता आणि दिवसा गर्दीत फीत धरता येत नाही, म्हणून रात्री पाऊण वाजता हा एकटाच गेला. कापडी फितीची कडी अलीकडच्या खांबाला अडकवली, फरशीच्या कडेकडेने चालत चपलावाल्याच्या शटरपाशी पोचला आणि फीत ताणली.

फीत सरळ झाली नाही.

मधोमध, मोकळ्या हवेत, तिला कोपरा पडला होता. भिंतीच्या कडेवरून वळावी तसा.

त्याने हिसका दिला. कोपरा तसाच. वारा नव्हता.

"काय फालतूपणा आहे," तो पुटपुटला. फीत शटरच्या कडीला बांधली. फरशीवर गेला. हात पुढे केला.

हात अडला.

गार लागलं. लाकूड. बोटांना फळीची फट लागली... समोर मात्र काही नव्हतं. पलीकडचा दिवा स्वच्छ दिसत होता.

आत कडी सरकली.

"कोण...?" त्याने विचारलं.

मग बाईचा आवाज. शांत, कंटाळलेला. त्याच्याशी नाही, आतल्या कुणाशी तरी.

"अजून एक आलाय मोजायला."

आत माणसं हसली. दोन-तीन तरी असतील...

तो पळाला. चप्पल तिथेच.

सकाळी त्याने नकाशा दिला तो वळणासकट. वरच्यांनी कारण विचारलं. त्याने तीनच शब्द लिहिले: जागा मोकळी नाही. वरचे खूप हसले, पण सही त्याचीच लागत होती. अठरा दुकानं वाचली. पुढे त्याने कुणाला गाढव म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

फीत मी सोडवून आणली. पाण्यात भिजवली, इस्त्री फिरवली. आम्ही दोघांनी दोन्हीकडून ताणून पाहिली.

सोळाव्या फुटावर ती अजून कोपरा धरते.