दोनशे सत्तर अंश

कुणाला खोटं वाटलं तर वाटू द्या. माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, तेही भर दुपारी दोन वाजता. साल २०१९, मे महिना, गुलमंडीच्या एका गल्लीतलं माझं गेमचं दुकान. शहराला तेव्हा औरंगाबादच म्हणायचे.

दुकानात चार कॉम्प्युटर आणि एक स्टेअरिंग होतं. टेबलाला घट्ट बसवलेलं, खाली ब्रेक, क्लच. ते किती फिरावं हे कॉम्प्युटरमध्ये ठरवता येतं. नऊशे अंश ठेवलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत अडीच फेरे, खऱ्या गाडीसारखं. मी दोनशे सत्तरवर ठेवायचो. म्हणजे जेमतेम पाऊण फेरा. मनगट हलवलं की गाडी वळते, गिऱ्हाईक खूश.

मार्चमध्ये माझा मावसभाऊ आदिनाथ पिशोरहून आला. मेंढरांना चारा नव्हता, अर्धा कळप विकून झाला होता. इकडे नव्या कॉलन्यांना पाणी पुरवायला टँकरचे ड्रायव्हर मिळत नव्हते. त्याच्याकडे लायसन होतं, पण हाताला सवय नव्हती.

रोज दुपारी तो त्या स्टेअरिंगवर बसायचा.

एकदा म्हणाला, "अंगद, खरी गाडी बी एवढ्यातच वळती का रं?"

सेटिंग बदलायला दोन मिनिटं लागतात. मला उठायचा कंटाळा आला.

"व्हय, सेमच राहतं," मी म्हणालो.

कामाला लागल्यावर तिसऱ्याच दिवशी, बिडकीनच्या अलीकडच्या वळणावर टँकर सरळ शेतात जाऊन उलटला. आदिनाथ जागीच गेला. सोबतचा क्लीनर कडुबा वाचला. दवाखान्यात तो मला म्हणाला, "म्होरून ट्रक आला. घाबरलं लेकरू. स्टेअरिंग जरासंच फिरिवलं अन् तसंच धरून बसलं. वळंना, वळंना म्हनत व्हतं."

मी कुणाजवळ काही बोललो नाही.

तेरावं झालं. दुकान उघडलं. दुपारी दोनला लाईट गेली. पंखा थांबला. मी एकटाच...

घर्रर्र...

स्टेअरिंग फिरत होतं.

चालू करताना ते आपोआप फिरतं, हे मला माहीत आहे. पण लाईट नव्हती...

डावीकडे जरासं गेलं. थांबलं. थरथरलं...

मग जोर लावल्यासारखं आणखी पुढं गेलं. सव्वा फेरा, पार टोकापर्यंत.

लाईट आल्यावर सेटिंग पाहिलं. नऊशे.

मी परत दोनशे सत्तर केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन वाजता लाईट गेली, पुन्हा घर्रर्र... पुन्हा नऊशे.

आठ दिवस असंच चाललं. भीती वाटायचीच, पण त्याहून जास्त रडू यायचं. मेल्यावरही माझा भाऊ ते वळण घेत होता.

नवव्या दिवशी सारजामावशी आली. आदिनाथची आई. लेकरू कशावर शिकलं ते तिला बघायचं होतं.

"हेच का रं ते?" तिनं स्टेअरिंगवर हात ठेवला.

लाईट गेली...

तिच्या हाताखाली स्टेअरिंग हळूहळू फिरायला लागलं.

तिला वाटलं, यंत्रच तसं असेल. "लई घाम आलाय रं ह्याला," म्हणाली, आणि पदरानं पुसलं.

मी बघितलं. पदर खरंच ओला झाला होता.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "माझ्या लेकराला तू नीट शिकिवलं व्हतंस ना?"

स्टेअरिंग थांबलं. मधेच. ऐकत असल्यासारखं...



"व्हय मावशे," मी म्हणालो. "नीट शिकिवलं."

स्टेअरिंग एकदम ढिलं पडलं. कुणीतरी हात काढून घेतले.

तेव्हापासून ते आपणहून कधीच फिरलं नाही. दुपारी लाईट गेली की मी अजूनही अर्धं शटर ओढून त्याच्यासमोर बसतो. खरं काय ते मोठ्यानं सांगतो. काहीच हलत नाही. आईसाठी म्हणून त्यानं मला माफ केलं, की माझं तोंड बघायचं नाही म्हणून निघून गेला, मला कळत नाही.

मावशी मात्र भेटेल त्याला सांगते, "आमच्या अंगदनं लई जीव लावून शिकिवलं व्हतं त्याला."

मी तिथं असलो तर खाली मान घालून ऐकतो.