चौथं लेबल

दातांची डॉक्टर पांढरा कोट घालून भर दुपारी रस्त्यावरून टायर घरंगळवत आणतेय, हे दृश्य काही रोज दिसत नाही. टायरवाल्याला ते दिसलं, आणि तिथेच त्याचं सगळं बिनसलं. टायर त्याच्या पायाशी येऊन आडवा झाला. धापा टाकत तिने सांगितलं, की सात दुकानं पालथी घातली, सगळ्यांनी हात वर केले, तुम्हीही नाही म्हणणार असाल तर पटकन म्हणा, दवाखान्यात पेशंट आ वासून बसलाय.

त्याने नाही म्हटलं नाही. खरं तर म्हणायला हवं होतं. गाडी तिच्या बाबांची, साठ वर्षं जुनी. त्या मापाचे टायर निघणं बंद होऊन जमाना लोटला होता. हल्लीचे रुंद टायर मडगार्डला घासत होते. एका गोदामात न वापरलेले जुने सापडले, दिसायला कोरे करकरीत, पण त्याने एक वाकवून तिला आतल्या बारीक चिरा दाखवल्या. नुसतं पडून पडून रबर वाळलं होतं.

"वरून धडधाकट, आतून गेलेला," ती म्हणाली. "असे दात मी रोज बघते."

महिनाभर शोध चालला. ती रोज जेवणाच्या सुट्टीत चौकशीला यायची. चौकशी फोनवरही झाली असती, पण हे दोघांपैकी कुणीच बोलून दाखवलं नाही. शेवटी जुन्या साच्यातून टायर काढून देणारा एक छोटा कारखाना सापडला. जाड रबराच्या ट्यूबा दुसरीकडून मागवल्या. शनिवारी दुपारी त्याने चारही चाकं चढवली. ती हट्टाने मदतीला बसली, ट्यूबांना पावडर चोळत. रविवारी सकाळी बाबांना घेऊन ती डोंगरापलीकडे आत्याकडे निघणार होती. आत्याला ऐंशी वर्षं पूर्ण होत होती, आणि याच गाडीतून येईन असा शब्द बाबांनी बहिणीला दिला होता.

रविवारी दुकान बंद. तरी टायरवाला आला. घरी करमेना, एवढंच. दार लोटलं आणि सवयीने दाराच्या मागे नजर गेली.

नव्या टायरच्या आत कागदी लेबल चिकटवलेलं असतं. ट्यूब घालण्याआधी ते काढावंच लागतं. राहिलं तर चालत्या गाडीत ट्यूबवर घासत राहतं आणि एक दिवस ट्यूब फाटते. म्हणून त्याच्या मामांनी, दुकान काढलं तेव्हापासून, एक शिस्त घातली होती. काढलेलं प्रत्येक लेबल दाराच्या मागे चिकटवायचं. म्हणजे हिशेब डोळ्यांसमोर.

कालच्या रांगेत तीनच लेबलं होती.

त्याने ती पुन्हा मोजली. कोपरे शोधले, कचऱ्याचा डबा उपडा केला. चौथं कुठेच नव्हतं. तिला फोन लावला... वाजत राहिला. गाडी चालवताना ती फोन डिकीत ठेवते, हे तिनेच तर सांगितलं होतं, अभिमानाने. मामांना फोन केला तर ते म्हणाले, पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट विसरलास, एवढं लक्ष होतं कुठे? उत्तर द्यायला तो थांबलाच नाही.

जॅक, पान्हे, पंप आणि एक जादा ट्यूब स्कूटरला बांधून तो सुटला. चढ संपला की पलीकडे सात वळणांचा उतार होता. तिथे पुढच्या चाकाची ट्यूब फाटली तर... पुढचं त्याच्याने मनात आणवेना. प्रत्येक वळणाला वाटायचं, आता गाडी दिसेल. आणि दिसू नये असंही वाटायचं, कारण कशी दिसेल कोण जाणे.

माथ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी गाडी उभी होती. इंजिन निवलं होतं, बाबा आत बसले होते, ती किल्ली फिरवत होती. त्याने स्कूटर सरळ गाडीपुढे आडवी घातली.

"एका टायरमध्ये लेबल राहिलंय," तो म्हणाला. "कुठल्या ते माहीत नाही. उघडून बघितल्याशिवाय मी खाली जाऊ देणार नाही."

बाबा चिडले. सगळीकडे तुमच्या कामाची तारीफ ऐकली, म्हणाले, आणि तुम्ही लेबल विसरता? तिने मात्र शांतपणे विचारलं, "कसं काय राहिलं?"

कारखान्यावर ढकलता आलं असतं. घाईवर ढकलता आलं असतं.

"तुम्ही पावडर चोळत होता," तो खाली बघत म्हणाला. "नाकाला लागली होती... मी तिकडेच बघत होतो."

बाबांना अचानक दुसरा चहा हवासा वाटला आणि ते उतरून टपरीकडे गेले.

पहिलं चाक उघडलं, काही नाही. दुसऱ्यात काही नाही. तिसरं, पुढचं डावं. लेबलाचा कोपरा दुमडून उभा राहिला होता आणि ट्यूबवर तेवढी जागा पांढरट, पातळ झाली होती. चहा संपवून परत आलेल्या बाबांनी तिथे अंगठा फिरवला आणि स्वतःच नवी ट्यूब त्याच्या हातात दिली. तिने एकदा उताराकडे बघितलं आणि मग बराच वेळ त्याच्याकडे. नवी ट्यूब घालताना पावडर तिनेच चोळली.

काम संपल्यावर तो स्कूटरकडे वळला.

"कुठे निघालात? स्कूटर राहू दे इथेच," ती म्हणाली. "काम तुमचं, तर उतारावर तुम्हीही गाडीत हवे."

बाबा आपणहून मागे जाऊन बसले. गाडी उताराला लागली. तो अंग चोरून प्रत्येक चाकाचा आवाज ऐकत होता.

"अजून घाबरलायस?" तिने विचारलं. तुम्हीचं तू कधी झालं, त्याला कळलंच नाही.

"हो. तुला काही झालं असतं तर मी... मला जगता आलं नसतं."

पहिलं वळण गेलं. तिचे डोळे रस्त्यावर होते, पण भरून आले होते.

"मी कालपासून घाबरलेय," ती म्हणाली. "चारही टायर बसवून झाले. उद्यापासून तुझ्याकडे यायला काय कारण सांगू, याच विचारात होते."

मागच्या सीटवरून बाबा खाकरले.

"स्टेपनी अजून जुनीच आहे," ते म्हणाले. "तिला टायर शोधायला, माझ्या अंदाजाने, एक जन्म तरी लागेल."