टॉवेलांची सावली

"हे टॉवेल तुमचे?"

तो दचकला. गच्चीवर टॉवेलांची लांबलचक रांग, तिची सावली थेट माझ्या सोलर पॅनेलवर, आणि दोन टॉवेलांच्या मधून डोकावणारा हा... तळमजल्यावरचा सलूनवाला.

"माझेच. का, काही चुकलं?"

"तुमच्या टॉवेलांनी माझ्या आईचा श्वास अडवलाय!"

आईला ऑक्सिजनचं मशीन लागतं. लाइट गेली की ते बंद पडतं, म्हणून मी हट्टाने पोर्टेबल पॉवर स्टेशन आणलं होतं. बॅगेएवढी बॅटरी घरात, पॅनेल गच्चीवर. दादाला ते काही पटलं नव्हतं. "रविवारी दिवसभर लाइट नसणार. तुझा हा डबा बंद पडला, तर आई त्याच दिवशी माझ्याकडे येणार," त्याने बजावलं होतं. आईला घर सोडवत नव्हतं आणि मला आई.

"एका कोपऱ्यावर सावली आली तरी चार्जिंग कोसळतं..." मी भांडतच होते, तोवर त्याने सगळे टॉवेल खांद्यावर घेतले. त्या ओल्या ढिगाखालून तो हसला, आणि माझा राग कुठे पळाला कोण जाणे.

मग रोज जिन्यात गाठ पडू लागली. "आज किती भरली?" तो विचारायचा. मी उगाचच थांबून सांगायचे.

रविवारी तो सकाळीच गच्चीवर हजर.

"सलून?"

"बंद. ऊन सरकेल तसं पॅनेल फिरवायला कुणी नको?"

"गिऱ्हाइकं ओरडतील."

"ओरडू देत. तुमच्याइतकं कुणाला जमत नाही!"

दुपारी ढग आले. बॅटरीचा आकडा घसरायला लागला तशी मी पंखा, फ्रिज, सगळ्यांच्या वायरी ओढून काढल्या. फोनवर त्याचा आवाज आला, "घाबरू नका. टाकीपाशी ऊन पडलंय, तिकडे नेतो." आकडा हळूहळू चढला. मशीन थांबलं नाही.

संध्याकाळी लाइट आली तेव्हा आई नाकात नळी लावून निवांत शब्दकोडं सोडवत होती.

"आजचं निभावलं," आईला न्यायला आलेला दादा म्हणाला. "पण रोज? तू एकटी कुठे कुठे पुरणार?"

दारात तो उभा होता, उन्हाने लालबुंद. आता माघार नाही.

"मला तुम्ही आवडता," मी त्याला म्हणाले. "तुम्हीच सांगा दादाला. मी एकटी आहे का?"

"नाही..." तो थेट दादाकडे वळला. "मी आहे. कायमचा."

दादाने आ वासला. आईने पेन्सिल खाली ठेवली.

"आता तर मी मुळीच हलत नाही," ती म्हणाली. "लग्नघर सोडून कुणी जातं का?"