शेजारची खुर्ची

ऐका, पण मध्येच 'हे कसं झालं' म्हणून विचारू नका. मला ठाऊक नाही.

बूटवालीचं दुकान जिन्याखाली होतं आणि जिन्याच्या वर नाचाचा वर्ग. बाई पंचेचाळिशीची. तळ शिवायचे, टाचा ठोकायच्या, हा तिचा धंदा. बुटाचा तळ बघून ती माणूस ओळखायची. कोण पाय ओढतो, कोण सदा घाईत, सगळं तिला झिजेवरून कळे. तिची स्वतःची डावी टाच दुखरी होती. जिना उतरताना दोन पायऱ्या झाल्या की ती थांबायची, मग पुन्हा दोन.

एका संध्याकाळी शिवलेले बूट पोचवायला ती वर गेली आणि नाव घालूनच खाली आली.

"या वयात नाच?" नवरा हसला.

"तुमचं वय काढू का?" ती म्हणाली. विषय संपला.

वर्गाची खोली जरा विचित्रच. आरसे भिंतीकडे तोंड करून टेकवलेले. जमिनीवर प्रत्येकीचं खडूने आखलेलं वर्तुळ. मास्तर खुर्चीत बसून काठीने ताल द्यायचे. कधी उठले नाहीत. त्यांच्या शेजारी आणखी एक खुर्ची, कायम रिकामी. तिच्यावर कुणाला साधी पिशवीही ठेवू द्यायचे नाहीत. नियम एकच.

"आपलं वर्तुळ, आपले पाय. दुसरीकडे बघून 'तिला येतं, मला का नाही' हे इथे चालणार नाही."

सगळ्यांना वाटे, कुणाचं मन दुखू नये म्हणून म्हणत असतील. बूटवालीला मात्र एक गोष्ट खटकली. मास्तरांच्या बुटांचे तळ अगदी कोरे होते. वर्ग सुरू झाल्यापासून चार वर्षांत ते बूट तिच्याकडे दुरुस्तीला आले नव्हते.

तिच्या पुढच्या वर्तुळात भिंगरी असायची. वीस वर्षांची पोर, गिरकी अशी घ्यायची की सगळ्यांनी हे नाव पाडलं होतं. रविवारी एका मोठ्या नृत्यपथकासाठी निवड होती आणि त्यासाठी पोरीने तीन वर्षं घाम गाळला होता. बूटवाली जळली, खरं सांगायचं तर. सोमवारपासून ती रोज चोरून तिच्या पायांकडे बघत राहिली.

शुक्रवारी बूटवालीला गिरकी जमली. गर्रकन फिरली आणि ताठ उभी राहिली. टाचेत कळसुद्धा आली नाही. त्याच क्षणी पुढे धप्पकन आवाज झाला. भिंगरी पडली होती. उठली, फिरली, पुन्हा पडली.

"काय झालंय मला... पाय माझे वाटतच नाहीयेत..."

दुकानात येऊन बूटवालीने आपले बूट उलटे केले. भिंगरीचे बूट तिने कितीदा तरी शिवले होते. उजव्या चवड्याला बटणाएवढी गोल झीज, गिरकीची. तशीच झीज आज तिच्या स्वतःच्या बुटाला होती.

शनिवारी ती वर्गाआधीच वर गेली.

"मास्तर, तुम्ही उभे का राहत नाही?"

मास्तरांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "सगळे माझ्याकडे बघायचे... मला आवडायचं."

"घेतलेलं परत देता येतं?"

"तिला बघू द्यायचं. पण बघणारी कुठे थांबेल... ते आपल्या हातात नसतं."

गप्प बसली असती तरी कुणाला कळणार नव्हतं. जन्मात पहिल्यांदा पाय हलके झाले होते, आणि ते सोडवेना. पण दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून पोर हुंदके देत होती. बूटवालीला स्वतःची लाज वाटली.

"ए पोरी, आत ये. माझ्याकडे बघ. नीट बघ."

तिने गिरकी घेतली. भिंगरी आधी नुसती बघत होती, मग तिची नजर हलेना.

"तुम्हाला येतं... आणि मला नाही..."

तिसऱ्या गिरकीला बूटवालीच्या पायांतली ऊब गेली. भिंगरी पुढे आली, पाचदा फिरली आणि हसत उभी राहिली.

"आलं! काकू, आलं!"

"बरं झालं. आता बघू नकोस. पुरे."

पोरीने मान डोलावली. पण दाराबाहेर पडेपर्यंत तिची नजर बूटवालीच्या पायांवरच होती. मग जिन्यावर पावलं ऐकू आली. दोन पायऱ्या. थांबली. पुन्हा दोन.

बूटवाली दारापाशी निघाली आणि जागीच थांबली. आधी कुठला पाय उचलायचा, ते तिला आठवेना.

"मास्तर... मला घरी जायचंय..."

"बसा," मास्तर म्हणाले आणि काठीने शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली. खुर्चीवरची धूळ कुणीतरी आधीच पुसून ठेवली होती.

ती मटकन बसली. बूट काढून तळ बघितला. चवड्याची झीज नव्हती, दुखऱ्या टाचेचीही नव्हती. तळ कोरा होता.

दुकानाची किल्ली तिच्या कमरेला होती. खाली, कुलूपबंद दुकानात, कुणीतरी टाच ठोकायला बसलं होतं. दोन ठोके पडत, मग आवाज थांबे, मग पुन्हा दोन.