भिंतीकडच्या खाटेची पाळी

तो कोपऱ्यातला दिवा राहू दे, बाकीचे घालवा. आणि ए चष्मेवाल्या, तू दाराजवळ बस. मधेच पळायचं झालं तर तुझ्या वाटेत कोणी यायला नको. मागच्या वेळी उशीला मिठी मारून "मी कुठं घाबरलोय?" म्हणत होतास. उशीनं सांगितलं मला नंतर.

ही ऐकीव गोष्ट नाही बरं का. माझ्या सख्ख्या भाचीची आहे. तिला घरीदारी सगळे भिंगरी म्हणतात, कारण जन्मल्यापासून ती एका जागी स्वस्थ बसलेली कोणी पाहिलेली नाही. खोटं वाटत असेल तर तिलाच विचारा. ती हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही. उठेल आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेईल.

गेल्या वर्षीची थंडी. गुरुवार होता. संध्याकाळी भिंगरी फोटो काढून घ्यायला बाहेर पडली.

फोटो नोकरीसाठी हवे होते. म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत ती तीन महिने कच्ची म्हणून काम करत होती. पक्कं करायचं की घरी पाठवायचं, ते शुक्रवारी सकाळी ठरणार होतं. पक्की झाली तर संस्था तिला पुढं शिकवणार होती. सहा महिन्यांचा वर्ग, सर्टिफिकेट, आणि एक दिवस तिच्या हाताखाली चार बायका. सासूबाईंना हे पटत नव्हतं. "परक्यांचं हागणं-मुतणं काढायला कसलं आलंय शिक्षण?" भिंगरी म्हणाली, "आई, उद्या तुमच्यावर वेळ आली ना, तर तुम्हीच शिकलेला हात मागाल." सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. सासरे म्हणे खूश होते.

फोटोवाला म्हणाला, "ताई, हलू नका." आता हिला नेमकं तेवढंच जमत नाही. तीन फोटो वाया गेले. चौथ्यात ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसत होती. तोच घेऊन कामावर गेली.

या कामात एक पद्धत असते. दिवसपाळीची बाई निघताना रात्रपाळीच्या बाईला सगळं सांगून जाते. कोण जेवलं, कोण रुसलं, कोणाला खोकला आहे. त्या दिवशी भिंगरीचे कान तिथं होते, पण जीव पिशवीतल्या फोटोत. दिवसपाळीवाली चपला घालता घालता म्हणाली, "आणि मास्तरांच्या खोलीतल्या खाटा दुपारी आम्ही..."

"हो हो, कळलं," भिंगरी म्हणाली.

काही कळलेलं नव्हतं. हसू नकोस रे. तुझ्या आईनं सांगितलेलं तुला किती कळतं?

मास्तर म्हणजे शाळेतले जुने मास्तर. उजवं अंग पूर्ण गेलेलं. अशा माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. त्यालाही तिथं पाळीच म्हणतात. तुम्ही गाढवं रात्रभर लोळता, फुकटात. ज्याला लोळता येत नाही, त्याची कातडी एकाच जागी दाबून दाबून उसवते. जखम होते, आणि ती जखम माणसाला खाते. मास्तरांच्याच खोलीत दुसऱ्या खाटेवर टेलरकाका होते. त्यांचं तसंच झालं. भिंगरी रजेवर होती, आणि तिच्या जागेवरची बाई सलग काही रात्री घोरत पडली. टेलरकाका सोमवारी गेले. त्या बाईला मोठ्या बाईंनी, म्हणजे संस्थेच्या प्रमुखांनी, त्याच दिवशी घरी बसवलं. बाकीच्यांना सांगितलं, "यापुढं जिची एक पाळी चुकेल, तिला दुसरी मिळणार नाही."

म्हणून भिंगरी त्या रात्री टेकलीच नाही. आठ म्हातारे एकटीवर. फाटकावर एक वॉचमन होता, पण त्याला उठवायला दुसरा वॉचमन ठेवावा लागला असता. ही व्हरांड्यातून इकडून तिकडं, तिकडून इकडं. याचं पांघरूण सारखं कर, त्याला पाणी दे. मनात एकच. सकाळी काय म्हणतील? पक्की, की घरी?

मास्तरांची अकराची पाळी दिवसपाळीवाली उरकून गेली होती. एक वाजता भिंगरी त्या खोलीत पहिल्यांदा शिरली. दिवा लावला नाही. मास्तर एकदा जागे झाले की पहाटेपर्यंत इतिहास शिकवायचे. आणि भिंतीकडची खाट मास्तरांची, हे तिच्या पायांना पाठ होतं.

हात लावायच्या आधी बोलायचं, हा तिथला नियम. नुसतं उचललं की म्हातारं माणूस दचकतं.

"कूस बदलते हं," ती हळूच म्हणाली.

गुडघा दुमडला. एक हात खांद्याला, एक कमरेला. आणि ओढलं.

मास्तर वळले. नेहमीपेक्षा हलके वाटले. इतकंच नाही, त्यांनी हिचा दंड धरला. आधारासाठी. उजव्या हातानं.

भिंगरीला काय वाटलं असेल? भीती? छे! ती हरखली. मेलेल्या हातात जीव आला! सकाळी मोठ्या बाईंना काय सांगू नि काय नको, असं झालं तिला. नोकरी पक्की, वर्ग पक्का, सासूबाई गप्प.

मग तिनं सवयीनं पाठीवरून हात फिरवला. तळाशी, माकडहाडापाशी, बोटांना काहीतरी लागलं.

पट्टी. जाड. ओलसर.

मास्तरांना जखम? काल तर पाठ साफ होती! कधी झाली? कोणाच्या पाळीत? माझ्याच? सकाळी मोठ्या बाई हीच पाठ बघणार...

दंडावरची बोटं अजून तशीच होती. गार.

आणि मागून, खिडकीकडून, मास्तरांचा आवाज आला.

"पोरी... माझी पाळी कधी?"

...

काय रे, गप्प का झालात? श्वास घ्या. श्वास घ्यायला मी मनाई केलेली नाही.

दंडावरची बोटं सुटली. एकेक करून.

तिनं बटण दाबलं. मास्तर खिडकीपाशी होते, आपल्या खाटेवर, उताणे, डोळे उघडे. चाकाच्या खाटा त्या. दुपारी अदलाबदल केली होती. मास्तरांना ऊन मिळावं म्हणून.

भिंतीकडं टेलरकाकांची खाट होती. वर नुसती गादी. चादर नाही. उशी नाही. कोणी नाही.

भिंगरी खोलीबाहेर कशी आली, तिला आठवत नाही. व्हरांड्याच्या टोकाला दार. दाराबाहेर रस्ता. कडी तिच्या हातात होती. काढली की सुटली. पण मग आठ माणसं उघड्यावर. आणि मास्तर उताणे. अजून उताणे.

तिनं कडी सोडली.

परत गेली. मास्तरांना वळवलं. मास्तर कुजबुजले, "त्याचं केलंस ना?"

"कोणाचं, मास्तर?"

"सोमवारपासून कण्हतोय बिचारा. कोणी ऐकतच नाही. आज थांबला."

तिनं मास्तरांचं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर आली.

पुढचे दोन तास ती चालत राहिली. व्हरांडा, स्वयंपाकघर, व्हरांडा. नळ घट्ट बंद केला. परत जाऊन बंद केला. घड्याळाकडं बघायचं नाही म्हणायची, आणि बघायची. आत सगळं शांत होतं. मग तीन वाजत आले, आणि त्या खोलीतून आवाज आला.

कण्हणं.

मास्तरांचं नव्हतं. मास्तर घोरत होते. दोन्ही आवाज एकदम येत होते.

तिनं दाराशी उभं राहून दिवा लावला. आवाज बंद. गादी रिकामी. दिवा घालवला. आवाज सुरू.

लावला. बंद.

घालवला...

माझ्यासारखा असता तर दिवा लावून खुर्चीत बसला असता सकाळपर्यंत. कोणी नाव ठेवलं नसतं. त्या खाटेची पाळी तिच्या कामात नव्हतीच. आधी तिनं मास्तरांची कूस बदलली. उजेडात, नीट, पाठ बघून. मग ती भिंतीकडच्या खाटेपाशी आली. उजेडात तिथं धरायला काहीच नव्हतं.

तिनं दिवा घालवला.

उभी राहिली.

"काका," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "काका... मी आहे. कूस बदलते हं."

हात पुढं केले. काळोखात.

हातात खांदा आला.

...

या वेळी त्यांनी आधार धरला नाही. सगळं ओझं तिच्यावर टाकलं. माणूस झोपेत टाकतो तसं. ती वळवत होती आणि रडत होती. पाठीमागं उशी हवी, म्हणून आपली शाल गुंडाळून लावली. एक लांब श्वास सुटला.

मग काही नाही.

पाच वाजताही काही नाही.

सकाळी मोठ्या बाई आल्या. फोटो बघून म्हणाल्या, "अगं, ही तू आहेस?" मग मास्तरांची पाठ तपासली. बोटानं दाबून, वाकून, चष्मा लावून. कुठं लाल ठिपकाही नाही. "सोमवारपासून वर्गाला ये," म्हणाल्या. झालं. पक्की. ज्यासाठी तीन महिने जीव काढला, ते इतक्या साध्या आवाजात मिळालं, की भिंगरीला हसू येईना आणि रडू येईना.

बाई वळल्या. "आणि या गादीवर तुझी शाल कशाला?"

भिंगरीनं मास्तरांची सरळ असलेली चादर पुन्हा सरळ केली.

बाईंनीच शाल उचलली.

शालीखाली एक पट्टी होती. चारही बाजूंनी चिकटपट्टी, आणि दोन कोपरे दुमडलेले. ओढताना दुखू नये म्हणून कोपरे तसे दुमडायची सवय तिथं एकट्या मोठ्या बाईंना होती.

"ही मी बांधली होती," त्या म्हणाल्या. "सोमवारी. सगळं झाल्यावर. ही त्यांच्याबरोबर चितेवर गेली, भिंगरे... माझ्या डोळ्यांदेखत गेली."

त्यांनी ती उलटी करून पाहिली. आतला कापूस कोरडा होता. पांढराशुभ्र. बऱ्या झालेल्या जखमेवरची पट्टी काढल्यावर असतो ना, तसा.